ट्रफल : सणातल्या एका ओल्या गोडाची कुळकथा

मराठीत ‘चॉकलेट’ हा शब्द फार ऐसपैस आहे. संत्र्याच्या स्वादाची पारदर्शक गोळी, कागदात पीळ देऊन गुंडाळलेली टॉफी, दुकानदार सुट्ट्या पैशांऐवजी हातावर ठेवतो ती पेपरमिंट, हे सगळं आपल्या लेखी चॉकलेटच. रावळगावच्या गोळ्या चघळत मोठ्या झालेल्या पिढीला त्या गोळीत कोको आहे की नाही, हा प्रश्न कधी पडला नाही. पुढे शब्द आणखी पातळ झाला. निवडणुकीच्या तोंडावर मतदारांना ‘चॉकलेट दिलं’ असं आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ फक्त गोड बोलून वाटेला लावणं एवढाच उरतो. शब्द भाषेत रुळला, पण पदार्थ उंबऱ्याबाहेरच राहिला.

हे आठवण्याचं कारण दिवाळीच्या आणि नाताळच्या भेटींचे डबे. अनारसे-करंज्यांच्या शेजारी आता ‘होममेड चॉकलेट’ची सोनेरी खोकी येतात. शहरांतच नव्हे, तालुक्याच्या गावीही कितीतरी बायका घरी चॉकलेटं करून विकतात. या खोक्यांतला सर्वांत मानाचा नग म्हणजे ट्रफल : कोकोच्या भुकटीत घोळलेला, ओबडधोबड, जिभेवर ठेवताच विरघळणारा लहानसा गोळा. हा पदार्थ मुळात काय आहे, तो कशाने जमतो, कशाने बिघडतो आणि चार-आठ दिवसांपलीकडे का टिकत नाही, हे या लेखात पाहायचं आहे. रसायनशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण ताक, तूप आणि पाक यांचं शास्त्र ज्या स्वयंपाकघरात रोज वापरलं जातं, तिथे बसून ट्रफल पुरतं समजून घेता येतं, असा माझा अनुभव आहे.

चुकीच्या गोष्टी आणि खरी यंत्रं

ट्रफल हे नाव एका कवकाचं आहे. फ्रान्समध्ये ओक वृक्षांच्या मुळांशी, जमिनीखाली वाढणारं काळं, खडबडीत आणि अतिशय महाग ट्रफल हिवाळ्यात उकरून काढतात. चॉकलेटच्या ट्रफलमध्ये हे कवक नसतं, फक्त त्याचं रूप असतं. वरची कोको भुकटी म्हणजे जणू त्याला चिकटलेली माती. दोन्ही गोष्टी हिवाळ्याच्या आणि नाताळच्या जेवणाशी जोडलेल्या, म्हणून नाव चपखल बसलं.

त्याच्या जन्माची सर्वाधिक सांगितली जाणारी गोष्ट आग्नेय फ्रान्समधल्या शांबेरी या आल्प्सच्या पायथ्याच्या गावातली आहे. १८९५ च्या नाताळात लुई द्युफूर या मिठाईवाल्याकडचा माल संपत आला, तेव्हा त्याने साय, व्हॅनिला आणि कोको एकत्र करून हे गोळे वळले, अशी ही कथा. याच द्युफूर घराण्यातल्या आंत्वानने १९०२ साली लंडनमध्ये प्रेस्टाट हे दुकान काढलं आणि ट्रफल इंग्लंडात नेलं. ट्रफलच्या आतल्या मिश्रणाला फ्रेंचमध्ये ‘गनाश’ म्हणतात. त्याचीही गोष्ट आहे. उमेदवार पोराच्या हातून उकळती साय चॉकलेटवर सांडली, मालक ‘गनाश!’ म्हणजे ‘बावळटा!’ असं ओरडला आणि तेच नाव पडलं. हा शब्द मुळात घोड्याच्या खालच्या जबड्यासाठी आहे, मूर्ख हा त्याचा लाक्षणिक अर्थ. १८६२ साली पॅरिसच्या रंगभूमीवर व्हिक्तोरियाँ सार्दूचं याच नावाचं नाटक आलं होतं, आणि काही जण मिठाईच्या नावाचा धागा त्या नाटकाशी जोडतात. गंमत म्हणजे ट्रफलचीही अशीच एक दुसरी गोष्ट प्रचलित आहे. तिच्यात मालकाच्या जागी प्रसिद्ध आचारी एस्कॉफिये असतो, आणि साय सांडणारा उमेदवार तसाच.

खाद्यपदार्थांच्या इतिहासात धांदरट उमेदवार वारंवार भेटतो. गोष्ट रंगते, पण ती एक गोष्ट झाकूनही टाकते. साय सांडून ट्रफल होण्याआधी बरंच काही व्हावं लागलं होतं. कोकोच्या बियांत निम्म्याहून थोडी जास्त चरबी असते, तिला कोको बटर म्हणतात. १८२८ साली नेदरलंड्समधल्या वान हौटेन कुटुंबाला दाबयंत्राचं पेटंट मिळालं. त्या यंत्राने ही चरबी पिळून वेगळी करता येऊ लागली, आणि उरलेल्या पेंडीची भुकटी म्हणजे आजची कोको पावडर. तोवर चॉकलेट हे प्यायचं पेय होतं. वेगळं काढलेलं कोको बटर पुन्हा वाटलेल्या कोकोत आणि साखरेत घातलं की खाण्याची वडी पडते, हे ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने १८४७ मध्ये दाखवलं. ती वडी दाताखाली कचकचत असे. १८७९ मध्ये बर्नच्या रोडॉल्फ लिंटने चॉकलेट तासन्‌तास घोटणारं यंत्र केलं, तेव्हा कुठे ते रेशमासारखं वितळू लागलं. आणि १८७८ मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ द लावालने दुधातून साय फिरवून काढणारं यंत्र बनवल्यावर ताजी, एकसारखी साय दुकानांना मुबलक मिळू लागली.

म्हणजे १८९५ ची शांबेरीची गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, तिचा काळ मात्र बरोबर जुळतो. त्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधी आजच्यासारखं मऊसूत ट्रफल झालंच नसतं. मला त्यातली आणखी एक गोष्ट आवडते. वान हौटेनच्या यंत्राने ज्यांची ताटातूट केली, ते कोको बटर आणि कोको भुकटी ट्रफलमध्ये पुन्हा भेटतात, एक आत आणि एक बाहेर.

ताक घुसळण्याच्या उलट

गनाश म्हणजे बारीक चिरलेल्या चॉकलेटवर गरम साय ओतून ढवळलेलं मिश्रण. ऐकायला सोपं, पण इथे तेल आणि पाणी यांचा संसार लावायचा असतो. सायीत पाणी असतं आणि त्यात दुधाच्या स्निग्धांशाचे बारीक थेंब तरंगत असतात. चॉकलेटमध्ये पाणी जवळजवळ नसतं. ती कोको बटरमध्ये रुतलेली साखर आणि कोकोची अतिसूक्ष्म पूड असते. गरम साय पडली की कोको बटर वितळतं, साखर पाण्यात विरघळते, कोकोचे कण पाणी पिऊन फुगतात. नीट ढवळलं तर सगळी चरबी बारीक थेंबांच्या रूपात त्या पाण्यात विखुरते. दुधातली प्रथिनं आणि चॉकलेटमधलं लेसिथिन त्या थेंबांना एकमेकांत मिसळण्यापासून अडवतात. मिश्रण आरशासारखं चमकायला लागलं की गनाश जमलं.

ताक घुसळताना आपण याच्या बरोब्बर उलट करतो. विरजलेल्या सायीतले स्निग्धांशाचे थेंब रवीने एकमेकांवर आपटवून त्यांची आवरणं फोडायची, म्हणजे ते गोळा होऊन लोणी वर येतं आणि पाणी ताक म्हणून खाली राहतं. गनाश ‘फाटतं’ म्हणजे हेच होतं. मिश्रण रवाळ दिसतं, कडेने तेल सुटतं. ताकात जे हवं तेच इथे नको असतं.

फाटण्याची कारणंही त्यावरून कळतात. चरबी जास्त आणि पाणी कमी झालं, मिश्रण निवत आलं तरी जोरात फेटत राहिलं, किंवा चॉकलेट फार तापलं, की थेंब एकत्र येतात. यावरचा उपाय मात्र पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटाच वाटतो. तेल सुटलेलं दिसतंय, तरी त्यात चमचाभर कोमट दूध घालायचं आणि मधोमध हळूहळू ढवळायचं. चरबीच्या थेंबांना तरंगायला पाणी अपुरं पडलेलं असतं, ते मिळालं की बहुधा मिश्रण पुन्हा सांधतं.

पाण्याचा आणखी एक चमत्कार इथेच सांगायला हवा. नुसतं वितळलेलं चॉकलेट असताना त्यात ओल्या चमच्याचा किंवा वाफेचा एखादा थेंब पडला तर ते क्षणात घट्ट, कोरडा गोळा होतं. पिठीसाखरेच्या डब्यात ओला चमचा गेल्यावर जशा गुठळ्या होतात, तशी चॉकलेटमधली साखर त्या थेंबाने भिजून एकमेकींना चिकटते. म्हणून एका थेंबाने चॉकलेट बिघडतं, पण अर्धी वाटी सायीने जमतं. प्रश्न पाणी असण्या-नसण्याचा नाही, ते पुरेसं असण्याचा आहे.

प्रमाण आणि कृती

युरोपातल्या पाककृतींत ३५ टक्के स्निग्धांशाची साय धरलेली असते. आपल्याकडे खोक्यात मिळणारी साय बहुतेक वेळा २५ टक्क्यांची असते, म्हणजे तिच्यात पाणी जास्त. तीच कृती जशीच्या तशी केली तर गोळा सैल होतो. त्यासाठी थोडं लोणी घालावं. घरची दुधावरची साय वापरायची तर ती एकजीव नसते, तिच्यातला काही स्निग्धांश आधीच गोळा झालेला असतो. अशा सायीचं गनाश लवकर फाटतं, म्हणून पहिल्या खेपेला खोक्यातली सायच बरी.

२०० ग्रॅम गडद चॉकलेट घ्यावं, साधारण ५५ टक्के कोकोचं. १०० ग्रॅम साय आणि २० ग्रॅम बिनमिठाचं लोणी. चॉकलेट सुरीने अगदी बारीक चिरावं, कारण ते सायीच्या उष्णतेनेच वितळायचं आहे. साय मंद आचेवर ठेवावी, कडेला बुडबुडे दिसताच उतरवावी आणि चॉकलेटवर ओतावी. दोन मिनिटं हात लावू नये. मग भांड्याच्या मध्यावर लहान गोलाकार हालचालीने ढवळायला सुरुवात करावी. आधी ते विटल्यासारखं दिसतं, मग मधोमध एक चकचकीत ठिपका तयार होतो. तो जमलेल्या गनाशचा गाभा. वर्तुळ हळूहळू मोठं करत सगळं मिश्रण त्यात ओढून घ्यावं. कोमट झाल्यावर मऊ लोणी मिसळावं. स्वाद हवा असेल तर वेलची किंवा जायफळ सायीबरोबरच तापवून गाळून घ्यावं. फ्रेंच मंडळी इथे रम किंवा कोन्याक घालतात.

मिश्रणाला चिकटून झाकण बसेल असं काही वर टाकून ते दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवावं. मग चमच्याने साधारण सुपारीएवढे भाग काढून वळावेत आणि कोको पावडरीत घोळवावेत. पंचवीसेक नग होतात. लाडू वळण्याची सवय इथे आवरावी लागते. लाडू हाताच्या दाबाने आणि कोमट तुपाने बांधला जातो, म्हणून आपण मूठ घट्ट आवळतो. तळव्याचं तापमान तेहतीस अंशांच्या आसपास असतं आणि कोको बटर तेवढ्यालाच वितळतं. त्यामुळे ट्रफलला तळवा जितका कमी लागेल तितकं बरं. हात गार पाण्याने धुऊन, कोरडे करून, कोको पावडर लावून दोन फिरक्यांत गोळा सोडून द्यावा. तो वेडावाकडा राहिला तर उत्तमच, नाव सार्थ होईल.

रवाळ तुपाची बहीण

ट्रफल चॉकलेटच्या कवचात बुडवायचं असेल तर एक वेगळीच विद्या लागते, आणि तिची ओळख तुपातून होते. कढवलेलं तूप सावकाश निवलं की रवाळ होतं, झटकन गार केलं की गुळगुळीत थिजतं. तूप तेच, पण स्फटिकांची घडण निराळी. कोको बटरचे तर सहा प्रकारचे स्फटिक होतात. विल आणि लटन या संशोधकांनी १९६६ मध्ये त्यांची क्रमवार मांडणी केली. त्यांतला पाचवा प्रकार तेवढा आपल्या कामाचा. तो तेहतीस-चौतीस अंशांना वितळतो, चमकतो आणि तोडताना टक्‌ असा आवाज करतो. बाकीचे कमी तापमानाला मऊ पडतात किंवा पुढे पांढुरके डाग आणतात. फ्रिजमधून काढलेल्या चॉकलेटवर दिसणारी पांढरी झाक ही बुरशी नसते. बहुधा ती असे भलते स्फटिक झालेली चरबी किंवा ओल लागून वर आलेली साखर असते.

पाचवा प्रकार मिळवण्यासाठी गडद चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवून, ढवळत २७-२८ पर्यंत उतरवून, पुन्हा ३१-३२ वर आणतात. मुंबईच्या ऑक्टोबरात खोलीचं तापमानच तेहतीस-चौतीस असतं, तेव्हा हा खेळ पंख्याखाली जमत नाही. शांबेरीच्या डिसेंबरात जन्मलेला पदार्थ आपल्या दिवाळीत अवघडतो तो इथे. कोकोत घोळलेल्या साध्या ट्रफलला मात्र या विद्येची गरज नाही, आणि म्हणूनच घरी करायला ते सर्वांत योग्य.

फराळ आणि ओला खाऊ

आपला दिवाळीचा फराळ म्हणजे पाणी हाकलून देण्याची कला आहे. बेसन खमंग भाजायचं, चकली-शंकरपाळी तळायची, पोहे उन्हात वाळवायचे. पाणी गेलं की जंतूंचं काम थांबतं, म्हणून डबे तुळशीच्या लग्नापर्यंत पुरतात. दुसरी रीत मुरांब्याची. पाणी राहू द्यायचं, पण त्यात इतकी साखर घालायची की जंतूंना ते वापरता येऊ नये. त्यासाठी पाकात साखर साधारण पासष्ट टक्क्यांच्या वर लागते.

आता वरच्या कृतीतलं ट्रफल मोजून पाहू. सायीतून आणि लोण्यातून सुमारे ७० ग्रॅम पाणी आलं. ५५ टक्के कोकोच्या २०० ग्रॅम चॉकलेटमधून सुमारे ९० ग्रॅम साखर आली. म्हणजे त्यातला पाक साधारण छप्पन्न टक्क्यांचा. मुरांब्याला तो पुरा पडत नाही. शिवाय त्यात दूध आहे. तेव्हा ट्रफलची जात चिवड्याची नाही, मुरांब्याचीही नाही. ते ओल्या नारळाच्या करंजीचं आणि खव्याच्या पेढ्याचं भावंड आहे. फ्रिजमध्ये झाकून आठवडाभर, बाहेर थंडी असली तर एखाद-दोन दिवस, एवढंच त्याचं आयुष्य. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटांनी खावं, म्हणजे स्वाद उघडतो.

हे गणित मला महत्त्वाचं वाटतं, कारण बाजारात ‘होममेड ट्रफल’ म्हणून महिनोन्‌महिने बाहेर टिकणारे गोळे सर्रास मिळतात. कारखान्यांकडे पाणी बांधून ठेवणारे द्रव आणि मोजमापाची साधनं असतात, त्यांना ते जमतं. पण घरगुती खोक्यातलं ट्रफल दोन महिने उन्हाळ्यात टिकत असेल तर दोनच शक्यता उरतात. एकतर त्यात साय नाही, किंवा ते खाण्याजोगं राहिलेलं नाही. सुट्या मिठाईच्या ताटावर ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून आपल्याकडे बंधनकारक झालं. तोच न्याय घरच्या खोक्याला लावायला काय हरकत आहे?

कोको बटरच्या जागी काय?

दुसरा प्रश्न चरबीचा. किराणा दुकानात ‘डार्क कंपाउंड’ नावाची लादी मिळते. बरीचशी घरगुती चॉकलेटं तिचीच असतात. तिच्यात कोको पावडर असते, पण कोको बटरच्या जागी पामच्या गरासारख्या वनस्पतीज चरबीवर प्रक्रिया करून केलेला घट्ट स्निग्ध पदार्थ असतो. ती स्वस्त पडते, वितळवून साच्यात ओतली की चमकते, उन्हाळ्यातही ताठ राहते. अवघड विद्येची गरज नाही. एका खोलीत धंदा करणाऱ्या बाईने ती निवडली तर तिला मी नावं ठेवणार नाही. पण ती वितळते जिभेवर रेंगाळत, मेणासारखी. आणि ट्रफलसाठी तिच्यात एक खोट आहे. पामच्या गराची चरबी खोबरेल तेलाच्या कुळातली. ओल आणि बुरशी यांच्या संगतीत ती फुटते तेव्हा साबणासारखी चव येते. जुन्या खवट खोबऱ्याची चव ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. साय घातलेल्या ओल्या गोळ्यात ही जोखीम वाढते.

खरं चॉकलेट ओळखायचं तर वेष्टनावरची घटकांची यादी वाचावी. तिथे कोको बटर किंवा कोको मास असावं, आणि ‘हायड्रोजनेटेड’ चरबी नसावी. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमाने कोको बटरखेरीज इतर चरबीला चॉकलेटमध्ये ५ टक्क्यांपर्यंत मुभा दिली, तीही सहाच नावांना. त्यांत साल, आंब्याची कोय आणि कोकम ही तीन आपल्या ओळखीची. कोकणात थंडीत टाचांच्या भेगांना लावतात ते कोकमतेल ब्रसेल्सच्या चॉकलेट-कायद्यात नाव घेऊन बसलं आहे! त्याला कारण आहे. कोकमाची चरबी रचनेने कोको बटरच्या जवळची, पण अधिक घट्ट, चाळीस अंशांच्या आसपास वितळणारी. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या संस्थेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं, की थोडं कोकमतेल मिसळलं तर चॉकलेट उष्णतेला जास्त तग धरतं. गरम प्रदेशातल्या चॉकलेटचं उत्तर कदाचित रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कोकमाच्या बियांत असेल. आपण त्या बिया अजून टाचांपुरत्याच ठेवल्या आहेत.

हा प्रश्न आता अधिक टोकदार झाला आहे. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथली म्हातारी झाडं, झाडांवरचा विषाणू आणि लहरी पाऊस यांमुळे पीक घटलं. वर्षानुवर्षं टनाला दोन-तीन हजार डॉलरच्या घरात असलेला कोकोचा वायदा-भाव डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात बारा हजारांवर गेला. अशा वेळी कोको बटर काढून दुसरं काही घालण्याचा मोह कारखान्यांना होतो, आणि घरच्या उद्योगांनाही. आपल्या भाषेत चॉकलेट या शब्दातून कोको केव्हाच निसटला होता. पदार्थातूनही तो निसटला, तर आपल्याला पत्ता लागणार नाही अशी भीती वाटते.

म्हणून सांगणं एवढंच, की या सणात खोकी भरून नव्हे, पंचवीसच ट्रफलं करावीत. लादीवरची घटकांची यादी वाचून घ्यावी. ती ज्यांच्या घरी आज-उद्या पोचवता येतील अशांनाच द्यावीत, आणि डबीवर हाताने लिहावं : अमुक तारखेला केली, साय आहे, फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्याच्या आत संपवा. परगावच्या नातेवाइकांना चिवडा पाठवावा. तो त्यासाठीच आहे.